'मागे हटणे' एकच, इंग्रजी क्रियापदे डझनभर: कोणते कुठे?

प्रश्न असा आहे: रिट्रीट, विथड्रॉ, रिसीड, रिकॉइल, बॅक ऑफ, बॅक डाउन, बॅक आउट या सगळ्यांपुढे शब्दकोशात 'मागे हटणे' किंवा 'माघार घेणे' एवढेच लिहिलेले असते. मग त्यांत फरक काय, आणि कुठे कोणते वापरायचे?

शब्दकोशाने दिलेला अर्थ चुकीचा नाही, पण तो फार अपुरा आहे. खरे तर हे भेद मराठीत आपण रोज पाळतो. पुराचे पाणी ओसरते, ते माघार घेत नाही. उमेदवार अर्ज मागे घेतो, अर्ज ओसरत नाही. ऐन वेळी कच खाणारा, दिलेला शब्द फिरवणारा आणि भांडणात नमते घेणारा ही तीन माणसे आपल्या मनात कधीच एक होत नाहीत. इंग्रजी क्रियापदापुढे 'मागे हटणे' न लिहिता असा नेमका मराठी वाक्प्रचार लिहिला, की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. पुढच्या उत्तरात तेच केले आहे.

आधी व्याकरणाची एक कसोटी, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. तुमच्या मनातल्या मराठी वाक्यात 'मागे घेणे' बसते की 'मागे हटणे', ते पाहा. 'मागे घेणे' सकर्मक आहे: सैन्य, अर्ज, विधान, पाठिंबा असे काहीतरी मागे घेतले जाते. 'मागे हटणे' अकर्मक आहे: हटणारा स्वतःच हटतो. विथड्रॉ दोन्हीकडे चालते. सरकार सैन्य विथड्रॉ करते, आणि सैन्यही आपणहून विथड्रॉ करते. रिट्रीटला मात्र कर्म चालत नाही. सेनापती रिट्रीटचा हुकूम देतो, पण सैन्याला 'रिट्रीट' करत नाही. त्यामुळे 'द ट्रूप्स वेअर विथड्रॉन' बरोबर आणि 'द ट्रूप्स वेअर रिट्रीटेड' चूक. बुद्धिबळाच्या लिखाणात उंट किंवा घोडा रिट्रीट केलेला दिसतो, तो अपवाद समजा. रिसीड, रिकॉइल आणि बॅक ऑफ, बॅक डाउन, बॅक आउट ही जोडक्रियापदे आपल्या विषयाच्या अर्थाने अकर्मकच आहेत.

आता विथड्रॉ नीट पाहू. यातला 'विथ' म्हणजे 'सोबत' नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'विरुद्ध' किंवा 'दूर' असा होता. विथहोल्ड आणि विथस्टँड या शब्दांत तोच टिकून आहे. ड्रॉ म्हणजे ओढणे. म्हणजे विथड्रॉच्या मुळाशी ओढून परत घेण्याची कल्पना आहे: जे आपण पुढे केले किंवा कुठे ठेवले, ते आपणच काढून घेतो. बँकेतले पैसे, निवडणुकीचा अर्ज, न्यायालयातला दावा, सरकारला दिलेला पाठिंबा, सभेत काढलेले उद्गार, बाजारात आणलेले औषध, हे सगळे विथड्रॉ होते. यात हरल्याचा भाव असेलच असे नाही. निर्णय घेतला, एवढेच हे क्रियापद सांगते. म्हणूनच औपचारिक कागदपत्रांना ते फार सोयीचे आहे. युरोपीय संघाच्या कराराच्या 50व्या कलमात सदस्य राष्ट्राच्या बाहेर पडण्यासाठी हेच क्रियापद आहे, आणि ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी ज्या कराराने बाहेर पडला त्याचे नावही 'विथड्रॉल ॲग्रीमेंट' आहे. त्याजागी सिसीड म्हटले असते तर अर्थ बदलला असता. सिसीड म्हणजे एखाद्या राष्ट्राचा घटक असलेल्या प्रदेशाने फुटून निघणे; 1860 च्या डिसेंबरात साउथ कॅरोलायना अमेरिकी संघराज्यातून फुटले, त्याला सिसीड म्हणतात. संघटनेतून किंवा करारातून अंग काढून घेणे म्हणजे विथड्रॉ. राष्ट्रातून फुटणे म्हणजे सिसीड.

विथड्रॉचा भूतकाळ विथड्रू आणि तिसरे रूप विथड्रॉन. 'विथड्रॉड' हे रूप नाही. माणूस कोशात गेल्यासारखा अबोल झाला, तर तो 'विथड्रॉन' असतो. इथे ते विशेषण आहे आणि त्यात काळजीचा सूर आहे.

रिट्रीटमध्ये समोर दबाव आणणारे काहीतरी हवेच: शत्रू, आग, टीका, वाढते नुकसान. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्याही मुळाशी 'मागे ओढणे' आहे, पण आज तो उच्चारला की पाठीमागे कोणीतरी लागलेले दिसते. विथड्रॉ आणि रिट्रीट यांतला फरक लष्करी भाषेत सर्वांत स्वच्छ दिसतो, म्हणून तिथे जरा थांबू.

अमेरिकी लष्कराच्या युद्धशास्त्रात शत्रूपासून दूर नेणाऱ्या हालचालींना रेट्रोग्रेड म्हणतात आणि त्यांचे तीन प्रकार सांगतात. पहिला डिले: थोडी थोडी जमीन सोडत वेळ मिळवायचा. दुसरा विथड्रॉल: शत्रूशी भिडलेली तुकडी ठरवून संपर्क तोडते आणि मागे येते. तिसरा रिटायरमेंट: शत्रूशी न भिडलेली तुकडी त्याच्यापासून दूर निघून जाते. या तिन्हींत रिट्रीट नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वतःच्या योजनेला लष्कर रिट्रीट म्हणत नाही; रिट्रीट हा बहुधा बाहेरून पाहणाऱ्याचा किंवा इतिहासकाराचा शब्द असतो. 19 ऑक्टोबर 1812 रोजी नेपोलियनचे सैन्य मॉस्कोतून निघाले. थंडी, उपासमार आणि रशियन हल्ल्यांत त्याची वाताहत झाली. इंग्रजीत ती 'रिट्रीट फ्रॉम मॉस्को'च आहे, विथड्रॉल म्हटले तर सौम्य वाटेल. उलट 2021 मध्ये अमेरिकी फौजा अफगाणिस्तानातून गेल्या, त्याला अधिकृत भाषेत विथड्रॉल म्हणतात. टीकाकाराने त्यालाच रिट्रीट म्हटले, तर त्याने घटनेचे नुसते वर्णन केलेले नसते, तिच्यावर मतही दिलेले असते. बातमीचे भाषांतर करताना हा फरक पुसू नका. विथड्रॉलला 'सैन्य मागे घेणे' आणि रिट्रीटला 'माघार' किंवा 'पीछेहाट' असे लिहिले, तर मराठी वाचकालाही तो कळतो.

माघारीत शिस्त उरली नाही, जो तो वाट फुटेल तिकडे पळाला, तर ते रिट्रीट राहत नाही, तो राउट होतो. आणि माणसांना धोक्यातून बाहेर काढले तर इव्हॅक्युएट. 1940 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य जर्मन रेट्यापुढे डंकर्कच्या किनाऱ्याकडे हटले, तोवर रिट्रीट होते. 26 मे ते 4 जून या दिवसांत जहाजांनी त्यांना तिथून नेले, ते इव्हॅक्युएशन. इव्हॅक्युएटमध्ये बहुधा कोणीतरी दुसरा काढून नेतो किंवा जागा रिकामी करवतो.

फॉल बॅक हेही लष्करीच, पण त्यात मागचे ठिकाण बहुधा आधीच ठरलेले असते: पहिली फळी सोडायची आणि दुसऱ्या फळीवर पुन्हा उभे राहायचे. म्हणूनच 'फॉल बॅक ऑन' म्हणजे अडचणीत आधाराला असणाऱ्या गोष्टीकडे वळणे, जसे साठवलेल्या पैशांकडे. फॉल बिहाइंड मात्र वेगळे आहे. त्यात कोणी मागे जात नाही. इतर पुढे जातात आणि हा मागे पडतो. हप्ते थकले, अभ्यास राहिला, तिथे फॉल बिहाइंड.

पुल बॅक आणि पुल आउट यांत प्रश्न अंतराचा आहे. पुल बॅक म्हणजे काही अंतर मागे येणे; सीमेपासून दोन किलोमीटर मागे आलेले सैन्य अजून त्याच भागात आहे. पुल आउट म्हणजे पूर्ण निघून जाणे. सौद्यातून कंपनी पुल आउट झाली, तर तिचा त्यातला सहभाग संपला. गंमत अशी की रेल्वेगाडी स्थानकातून 'पुल्स आउट' होते तेव्हा ती पुढेच जात असते. आउटमध्ये मागे-पुढे नाही, फक्त बाहेर आहे. हे ध्यानात ठेवले की पुल आउटचे भाषांतर यांत्रिकपणे 'मागे' असे होत नाही.

आता बॅकचे कुटुंब. विद्यार्थी सर्वांत जास्त इथे अडखळतात, कारण क्रियापद एकच आणि अर्थ शेपटीच्या छोट्या शब्दात.

बॅक अवे हे सर्वांत शारीरिक. तोंड समोरच्या गोष्टीकडे, पावले मागे. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापासून माणूस पाठ न दाखवता हळूहळू मागे सरतो, ते बॅक अवे. पाठ फिरवून चालू लागलात, की ते टर्न अवे किंवा वॉक अवे.

बॅक ऑफमध्ये तुम्ही आधी कुणाच्या तरी फार जवळ गेलेले असता किंवा कुणावर दबाव टाकत असता, आणि आता तो दबाव कमी करता. आज्ञार्थी 'बॅक ऑफ!' म्हणजे 'लांब हो, माझ्या मागे लागू नको'. यंत्रकामातही हाच अर्थ आहे: स्क्रू पूर्ण घट्ट करून मग अर्धा फेरा बॅक ऑफ करा, म्हणजे अर्धा फेरा सैल करा. या तांत्रिक वापरात त्याला कर्म चालते. दोन्हीकडे कल्पना एकच, ताण कमी करणे.

बॅक डाउनला सामना लागतो. दोन बाजू अडून बसल्या आहेत आणि एक नमते घेते. यात चारचौघांत मान खाली जाण्याचा भाव आहे, म्हणून स्वतःबद्दल कोणी सहसा 'मी बॅक डाउन केले' म्हणत नाही; 'मी करणार नाही' असेच म्हणतात.

बॅक आउटला आधी दिलेला होकार लागतो. ठरलेल्या सहलीतून, व्यवहारातून, भागीदारीतून अंग काढून घेणे म्हणजे बॅक आउट. होकारच दिला नसेल तर बॅक आउट करता येत नाही. आमंत्रण नाकारणे म्हणजे डिक्लाइन. स्वीकारून मग न जाणे म्हणजे बॅक आउट.

ऑक्टोबर 1962 च्या क्यूबा संकटावर विथड्रॉ, बॅक डाउन आणि बॅक आउट हे तिन्ही शब्द पारखून पाहा. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी 28 ऑक्टोबरला क्यूबातली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे जाहीर केले. क्षेपणास्त्रांच्या बाबतीत क्रियापद विथड्रॉ. दोन महासत्ता अडून बसलेल्या होत्या आणि त्यांतली एक नमली, या दृष्टीने पाहणारा म्हणेल ख्रुश्चेव्ह बॅक डाउन झाले. पण त्यांनी बॅक आउट केले असे कोणी म्हणणार नाही, कारण क्षेपणास्त्रे काढून घेताना त्यांनी अमेरिकेला दिलेला शब्द मोडलेला नव्हता. एकाच घटनेत एक क्रियापद वस्तूला लागते, दुसरे माणसाला, आणि तिसरे कुणालाच लागत नाही.

बॅक अपकडे जरा सांभाळून जा. अमेरिकेत गाडी मागे घेणे म्हणजे बॅक अप. ब्रिटनमध्ये त्यासाठी रिव्हर्स जास्त रुळलेले आहे. पण बॅक अप म्हणजे पाठराखण करणे, माहितीची प्रत काढून ठेवणे, तुंबलेल्या नळीतून पाणी उलट चढणे आणि वाहनांची रांग लागणेही. संदर्भाशिवाय हे क्रियापद वापरू नये.

बोललेले मागे घेण्याचे शब्द वेगळे आहेत. सभागृहात सदस्य शब्द मागे घेतो, ते विथड्रॉ; ते शिष्टाचाराचे आहे, विधान खोटे होते अशी कबुली त्यात असतेच असे नाही. रिट्रॅक्टमध्ये मात्र छापलेले किंवा जाहीरपणे म्हटलेले आता ग्राह्य धरू नका, असे सांगायचे असते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा आपला 1998 चा शोधनिबंध 2010 मध्ये रिट्रॅक्ट केला. छापून येण्याआधी लेखकाने निबंध परत घेतला, तर तो विथड्रॉ. मांजर नख्या आत घेते किंवा विमान उडाल्यावर चाके पोटात घेते, तेही रिट्रॅक्ट: बाहेर काढलेला भाग पुन्हा आत. रिकँट आणखी जड आहे. त्यात धर्म, श्रद्धा किंवा मत जाहीरपणे सोडायचे असते, बहुधा धाकाखाली. 1633 मध्ये रोमला धर्मन्यायालयापुढे गॅलिलिओने पृथ्वी फिरते हे मत सोडल्याचे जाहीर केले, त्याला रिकँट म्हणतात. वर्तमानपत्राच्या चुकीच्या बातमीला हे क्रियापद लावू नका, हास्यास्पद वाटेल.

बॅकट्रॅक म्हणजे आलेल्या वाटेने परत जाणे, आणि त्यावरून आधीच्या भूमिकेवरून मागे येणे. बॅकपेडल म्हणजे सायकलचे पॅडल उलटे फिरवणे. त्यात घाई आणि सारवासारव आहे. नेत्याच्या वक्तव्यावर गदारोळ झाला आणि तासाभरात तो 'तसे म्हणायचे नव्हते' म्हणू लागला, तर बॅकपेडल. धोरण पुरते फिरवले तर यू-टर्न, आपले 'घूमजाव'. वचन मोडले तर रिनेग किंवा 'गो बॅक ऑन'. दोन्हींसाठी मराठीत 'शब्द फिरवणे' चपखल बसते. रिनेगमधला 'ग' गवतातला आहे, 'रिनेज' असा उच्चार करू नका. पत्त्यांच्या खेळात रंगाचे पान हातात असून दुसरेच पान टाकण्यालाही हाच शब्द आहे, आणि त्यातून त्याचा अप्रामाणिकपणाचा सूर चांगला कळतो.

शरीराच्या नकळत होणाऱ्या हालचालींत प्रमाण पाहायचे. विन्स मुख्यतः चेहऱ्यावर उमटते. फ्लिंच म्हणजे इंजेक्शनची सुई टोचताना अंग चटकन आखडणे. रिकॉइलमध्ये सगळे शरीर झटक्याने मागे जाते, बहुधा किळस किंवा धक्क्याने. बंदुकीचा दस्ता खांद्यावर मागे आदळतो तोही रिकॉइल. हा शब्द फ्रेंच रेक्युलेवरून आला, आणि त्यात शरीराच्या मागच्या भागाचाच शब्द दडला आहे. श्रिंकमध्ये झटका नाही, आक्रसणे आहे. 'श्रिंक फ्रॉम' म्हणजे अवघड कामापासून कचरणे. कावरमध्ये तर माणूस जागचा हलतही नाही, भीतीने अंग चोरून बसतो. यांत हेतू नसतो, म्हणून 'त्याने विचारपूर्वक रिकॉइल केले' हे वाक्य इंग्रजीत उभेच राहत नाही.

रिसीडमध्येही हेतू नाही, पण कारण वेगळे: तिथे बहुधा कर्ता निर्जीव असतो. पुराचे पाणी, कपाळावरची केसांची रेषा, हिरड्या, दूर जाणारा पावलांचा आवाज, मावळती आशा. या क्रियापदात पाहणारा महत्त्वाचा आहे. जहाज निघाले की किनारा रिसीड होतो. किनारा जागच्या जागी असतो, पण डेकवरून पाहणाऱ्याला तो दूर जाताना दिसतो. मराठीत 'किनारा मागे मागे पडत गेला' म्हणतो तेच. माणसांच्या बाबतीत 'सैनिक रिसीड झाले' म्हटले तर ते धुक्यात विरले असे वाटेल. पाणी आडवे मागे हटते तेव्हा रिसीड, पातळी खाली बसते तेव्हा सबसाइड. भरतीनंतर ओहोटी लागते ती एब, आणि तीच उत्साहाला किंवा शक्तीला लागते. हिमनद्यांसाठी शास्त्रज्ञ रिट्रीट सर्रास वापरतात, पण तिथे बर्फ उलट वर चढत नाही. बर्फ उतारावरून खालीच सरकत असतो. टोकाशी वितळणे पुरवठ्यापेक्षा जास्त झाले की टोक मागे जाते. भाषांतरात 'हिमनदी मागे सरकते'पेक्षा 'हिमनदीचे टोक मागे सरकते' लिहिणे बरे.

जागेऐवजी स्थिती मागे जाते तेव्हा रिव्हर्ट, रिग्रेस, रिलॅप्स. रिव्हर्ट टू म्हणजे आधीच्या स्थितीवर परत येणे. भारतीय कार्यालयांत ते 'उत्तर देतो' या अर्थाने रुळले आहे. तो अर्थ बाहेरच्या वाचकाला खटकतो, तिथे रिप्लाय लिहा. रिग्रेसमध्ये प्रगती उलटते. सॉफ्टवेअरमधली रिग्रेशन चाचणी म्हणजे आधी नीट चालणारे काही नव्या बदलाने बिघडले का, ते तपासणे. रिलॅप्स म्हणजे बरा होत आलेला आजार किंवा सुटलेले व्यसन उलटणे.

पद सोडण्यात स्टेप डाउन म्हणजे पायउतार होणे, स्टेप असाइड म्हणजे दुसऱ्याला वाट देणे, कधी तात्पुरतेही. स्टेप बॅकमध्ये पद जात नाही. थोडे लांब उभे राहून नीट पाहणे एवढाच अर्थ. रिटायरचा जुना अर्थ 'बाजूला होणे' हाच होता. क्रिकेटमधला रिटायर्ड हर्ट फलंदाज निवृत्त झालेला नसतो, आणि निकाल ठरवायला ज्युरी रिटायर होते तेव्हा ती दुसऱ्या खोलीत जाते.

जोडीचे शब्दयोगी अव्यय क्रियापदासोबतच पाठ करावे. विथड्रॉ, रिट्रीट, रिकॉइल, श्रिंक यांना फ्रॉम, बॅक आउट आणि पुल आउटला ऑफ (एका f चा of, 'बॅक ऑफ'मधला off नव्हे), रिनेग आणि बॅकट्रॅकला ऑन, रिव्हर्टला टू. रिट्रॅक्ट आणि रिकँटला काहीच नको, थेट कर्म. आणि 'रि'मध्येच 'मागे' आलेले असल्याने 'रिट्रीट बॅक', 'रिव्हर्ट बॅक', 'रिटर्न बॅक' लिहू नका.

शेवटी लेखनातली एक बारीक बाब. बॅक आणि पुलची क्रियापदे तोडून लिहायची आणि नामे जोडून: माहितीची प्रत काढणे हे दोन शब्दांत, निघालेली प्रत एका शब्दात. नामात जोर पहिल्या तुकड्यावर येतो, क्रियापदात तो दुसऱ्याकडे सरकतो. ड्रॉ बॅकमध्ये तर अर्थही बदलतो. तोडून लिहिले तर पडदा बाजूला ओढणे किंवा बिचकून मागे सरणे. जोडून लिहिले तर दोष किंवा उणीव.